हिशेब क्लाउडवर, किल्ल्या कुणाच्या खिशात?

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीचशी पत्रं एकाच काळजीची आहेत. हिशेब क्लाउडवर न्यायचा आहे किंवा नेला आहे, पण झोप लागत नाही. मी गेली २९ वर्षं नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून लोकांचे हिशेब लिहिते आहे. या काळजीचं वजन मला ठाऊक आहे, म्हणून हे सगळं पान मी याच पत्रांना दिलं आहे.

प्रश्न : मार्केट यार्डात आमचा भुसाराचा गाळा आहे. वडील होते तोवर खतावणी हाताने लिहायचो, आता टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे. मुलगा म्हणतो, 'बाबा, क्लाउडवर टाकू, घरूनही बघता येईल.' मला धास्ती वाटते. गाळ्यातला कॉम्प्युटर निदान डोळ्यांसमोर असतो. आपली उधारी, आपले भाव, आपली बँक, सगळं परक्याच्या मशीनवर कसं ठेवायचं?
एक व्यापारी, गुलटेकडी

उत्तर : माझ्या कपाटात एक खतावणी आहे. लाल कापडी बांधणीची, माझ्या सासऱ्यांच्या हातची. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी ती पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात खालच्या फळीवर उभी होती. आजही कुठलंही पान उघडलं, की मध्यावर चिखलाची तपकिरी रेघ दिसते. रेघेच्या वर खातेदाराचं नाव आणि पहिल्या चार-पाच नोंदी स्वच्छ वाचता येतात. खाली नुसता निळसर ढग, आकडा एकही नाही. सासरे सांगायचे, त्या दुकानदाराने पुढे कित्येक महिने गिऱ्हाइकांच्या तोंडच्या शब्दावर उधारी वसूल केली. ज्यांनी 'एवढे देणं होतं' म्हणून आपणहून आणून दिले त्यांची नावं ते शेवटपर्यंत विसरले नाहीत.

ती वहीही डोळ्यांसमोरच होती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वरकडच्या माझ्या एका क्लायंटचा तळमजल्यावरचा कॉम्प्युटर गाळात गेला. बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता. तेव्हा डोळ्यांसमोर असणं आणि सुरक्षित असणं या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू या. मुलाचं म्हणणं मला पटतं.

मात्र त्याला एक विचारा, 'क्लाउड म्हणजे नक्की कुठला?' कारण बाजारात या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी मिळतात. एक, ज्यात सॉफ्टवेअरच कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि आपण ब्राउझरमधून लॉगिन करतो, झोहो बुक्ससारखं. दुसरी, ज्याला सगळे 'टॅली ऑन क्लाउड' म्हणतात. तिथे तुमची तीच टॅली एखाद्या विक्रेत्याच्या सर्व्हरवर बसवलेली असते आणि रिमोट डेस्कटॉपने तुम्ही ती लांबून चालवता. पहिल्यात विंडोज अद्ययावत ठेवणं, बॅकअप घेणं, पहारा देणं ही कामं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीकडे असतात. दुसऱ्यात ती त्या विक्रेत्याच्या शिस्तीवर चालतात, आणि तो विक्रेता दोन माणसांचं दुकानही असू शकतो. दुसरा प्रकार वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझे काही क्लायंट वर्षानुवर्षं तो नीट वापरताहेत. पण तिथे चौकशी तुम्हाला करावी लागेल.

काय विचारायचं? सर्व्हर कुणाचा आणि कुठे आहे. बॅकअप त्याच सर्व्हरवर आहे की दुसऱ्या जागी. ॲडमिनचा पासवर्ड विक्रेत्याच्या किती माणसांना ठाऊक आहे. रिमोट डेस्कटॉपचं दार सगळ्या इंटरनेटला उघडं आहे की व्हीपीएनच्या, म्हणजे फक्त आपल्याच माणसांसाठीच्या खासगी वाटेच्या, आत आहे. हा शेवटचा प्रश्न मुलाला नक्की विचारायला लावा. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे खंडणीखोर व्हायरसवाले असं उघडं दार शोधत रात्रंदिवस फिरत असतात, आणि त्यावर सोपा पासवर्ड असला की काम संपलं. शिवाय हेही विचारा, की उद्या आम्ही सोडून गेलो तर आमचा डेटा कुठल्या स्वरूपात आणि किती दिवसांत हातात द्याल? याचं उत्तर लेखी मिळालं नाही तर पुढे जाऊ नका.

'परक्याचं मशीन' म्हणजे समुद्रापार असंही समजू नका. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा 'सेंट्रल इंडिया' नावाचा जो विभाग आहे तो २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे. तुमचा विक्रेता त्यावर असेल तर तुमची उधारी गुलटेकडीहून फार लांब जाणारही नाही.

टॅली वापरताच आहात तर टॅलीव्हॉल्टही चालू करा. त्याने कंपनीचा डेटा पासवर्डखाली कुलूपबंद होतो, विक्रेत्याच्या माणसाने फाइल उचलली तरी त्याला ती वाचता येत नाही. पण तो पासवर्ड विसरलात तर पुन्हा मिळवण्याची सोय नाही. तो कागदावर लिहा, पाकिटात घाला आणि दागिने ठेवता त्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. मी गंभीरपणे सांगते आहे.

प्रश्न : ताई, भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. मिस्टर मशीन बघतात, मी ऑफिस. सहा वर्षं होते ते अकाउंटंट गेल्या महिन्यात सोडून गेले. माणूस चांगला होता, भांडण काही नाही. पण जीएसटीचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जातो, ईमेल त्यांनीच उघडलेला, मिस्टरांची डिजिटल सहीसुद्धा त्यांच्याकडेच असायची. दर वेळी त्यांना फोन करून ओटीपी मागायला संकोच वाटतो. काय करू?
एक उद्योजिका, भोसरी

उत्तर : या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र मला हे वाटतं. क्लाउडची कुलपं उत्तम असतात. ती फोडत बसण्यापेक्षा किल्ली मिळवणं सोपं असतं, आणि आपल्याकडे किल्ल्या कुणाकडे आहेत हे कुणी मोजतच नाही.

माझ्याच ऑफिसचं सांगते. माझी एक सहायक, हुशार मुलगी, बाणेरला चांगली नोकरी लागली म्हणून गेली. पेढे वाटले, निरोप दिला. सात महिन्यांनी दिवाळीच्या आवराआवरीत मी क्लाउडमधली युजरची यादी सहज उघडली, तर तिचं नाव तसंच होतं आणि समोर 'ॲक्टिव्ह'. ४१ क्लायंटची खाती तिला सात महिने उघडता येत होती. तिने एकदाही उघडली नाहीत, लॉगमध्ये ते स्वच्छ दिसत होतं. पण तिचा फोन चोरीला गेला असता तर? ज्यांनी माझ्यावर विश्वास टाकला त्यांच्यापुढे मी काय तोंड दाखवलं असतं? त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तेव्हापासून कुणी सोडून जाताना शेवटच्या दिवशी चहाच्या आधी मी त्या व्यक्तीसमोरच यादी उघडते आणि तिचं नाव बंद करते. यात अविश्वास नाही. उद्या काही घडलं तर संशय तिच्यावर येऊ नये, हे तिच्याही भल्याचं आहे.

आता तुमचं काम. क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी सगळीकडचा 'पासवर्ड विसरलो' ईमेलवरच येतो. ईमेल ज्याच्या हातात, सगळं त्याच्या हातात. त्या अकाउंटंटना सन्मानाने ऑफिसला बोलवा आणि समोर बसून ईमेलचा पासवर्ड बदला, रिकव्हरीचा मोबाइल नंबर बदला, आणि आधी लॉगिन असलेली सगळी यंत्रं साइन आउट करा. शेवटच्या दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. पासवर्ड बदलूनही जुना नंबर रिकव्हरीला राहिला तर काहीच बदललं नाही.

मग जीएसटी. पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचा मोबाइल आणि ईमेल 'नॉन-कोअर' दुरुस्तीत बदलता येतो, त्यासाठी अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. जुना नंबरच हाती नसेल तर कागदपत्रं घेऊन आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडून तो बदलून घेता येतो. ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर तर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच पासवर्डसोबत ओटीपी लागतो. तिथे एक चांगली सोय आहे, प्रत्येक माणसाचा वेगळा सब-युजर करता येतो आणि ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. नवा अकाउंटंट आला की त्याला मुख्य लॉगिन देऊ नका, सब-युजर द्या. गेला की तेवढाच बंद करा. इन्कम टॅक्स, टीडीएसचं ट्रेसेस पोर्टल, पीएफ, बँकेचं नेटबँकिंग, हिशेबाचं सॉफ्टवेअर या सगळीकडे हेच करायचं. एक दुपार जाईल, जाऊ द्या.

आणि ती डिजिटल सही. यावर मला जरा थांबायचं आहे. ही सही ज्यात साठवलेली असते ते यूएसबी टोकन पेनड्राइव्हएवढं दिसतं म्हणून लोक ते पेनड्राइव्हसारखं वागवतात. मी अशी ऑफिसं पाहिली आहेत जिथे ड्रॉवरमध्ये चॉकलेटच्या डब्यात तीस-चाळीस टोकनं असतात, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी, आणि सगळ्यांचा पासवर्ड टोकनासोबत आलेला तोच, एक ते आठ ओळीने. त्या टोकनाने केलेली सही कायद्याने तुमच्या मिस्टरांच्या हातची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे ती किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी काळजी घेणं ही सही ज्याची त्याचीच जबाबदारी. कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून तो कुणाकडे ठेवाल का? टोकन आज घरी आणा, पासवर्ड बदला. रिटर्नवर सही करायची असेल तेव्हा मिस्टर दहा मिनिटं मशीन सोडून येतील. टोकन सापडलंच नाही, तर ज्या संस्थेने दिलं तिला कळवून ते रद्द करून घ्या आणि नवं काढा.

प्रश्न : आमची चाकणला प्रायव्हेट लिमिटेड आहे. रोज रात्री बाहेरच्या हार्ड डिस्कवर बॅकअप जातो, ती डिस्क सर्व्हरला जोडलेलीच असते. शिवाय डेटाचा फोल्डर गूगल ड्राइव्हला सिंक आहे. एवढं पुरे ना?
एक संचालक, चाकण

उत्तर : नाही, पुरत नाही. खंडणीखोर व्हायरस सर्व्हरवर शिरला की जोडलेली डिस्कही त्याला सर्व्हरचाच भाग वाटते. तो दोन्ही कुलूपबंद करतो. सिंकचं तर नावातच आहे. इथली फाइल बिघडली की तिथलीही बिघडते, आणि जुनी आवृत्ती ड्राइव्ह कायम जपून ठेवत नाही. एक प्रत अशी हवी जी जोडलेली नसते. दोन डिस्क घ्या, एक सोमवारी घरी न्या, दुसरी आणा, पुढच्या सोमवारी उलट.

तुमची कंपनी आहे म्हणून नियमही ऐका. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग हवाच, म्हणजे कोणती नोंद कधी आणि काय बदलली याची खूण राहते, आणि तो लॉग बंद करता येता कामा नये. वह्या कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा रोजचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवायचा. २०२२ पर्यंत नियमात 'ठरावीक काळाने' असं होतं, आता 'रोज' आहे. आणि वह्या आठ आर्थिक वर्षं जपायच्या. घरी नेलेली डिस्क या नियमाची भरपाई करत नाही, दोन्ही हवं. ऑडिटर हे विचारणारच, पण एडिट लॉगकडे केवळ त्यांच्यासाठी म्हणून बघू नका, स्वतःसाठी बघा. मागच्या तारखेची पावती कुणी रात्री साडेनऊला बदलली, हे तुम्हाला तिथेच दिसेल.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वेगळीच आहे. तो बॅकअप शेवटचा उघडून कधी पाहिला होता? बॅकअप 'जातो' यावर सगळे समाधानी असतात, तो 'येतो' का हे कुणी बघत नाही. माझ्या ऑफिसात महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक जुना लॅपटॉप काढतो. इंटरनेट बंद करतो. आदल्या आठवड्याचा बॅकअप त्यावर रिस्टोअर करतो आणि ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, उघडतो. मग तीन आकडे जुळवतो : ३१ मार्चची रोख शिल्लक, बँकेची शिल्लक आणि कुठल्याही एका पार्टीचं येणं. हे आकडे आम्ही एका वहीत हाताने लिहून ठेवलेले असतात. जुळले की वहीत तारीख आणि सही. पाऊण तास लागतो. एकदा बॅकअपची फाइल होती, तारीखही बरोबर होती, आणि आत डेटा दोन महिन्यांपूर्वीचा निघाला, कारण वर्ष बदलल्यावर नव्या फोल्डरचा रस्ता कुणी बदललाच नव्हता. ते शनिवारी कळलं म्हणून निभावलं.

प्रश्न : सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार आहे. मेंटेनन्सचा हिशेब ॲपवर नेला. काही सभासद म्हणतात, आमची थकबाकी, फोन नंबर सगळ्यांना दिसतात. त्यांचं बरोबर आहे का?
एक खजिनदार

उत्तर : बरोबर आहे. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, सभासदाला स्वतःचं खातं आणि सोसायटीचा एकूण हिशेब दिसला पाहिजे, शेजाऱ्याचा फोन नंबर नको. कमिटी बदलली की जुन्या पदाधिकाऱ्यांचं ॲडमिन लॉगिन त्याच सभेत काढा आणि इतिवृत्तात तशी नोंद करा. सुरक्षारक्षकाच्या टॅबवर हिशेबाचं लॉगिन कधीही नको. खजिनदाराचं काम बिनपगारी असतं आणि बोलणी खावी लागतात, तरी तुम्ही हा प्रश्न विचारलात याचं मला फार बरं वाटलं.

प्रश्न : मी एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप करते. क्लायंट पगारपत्रकं, आधार, पॅन, बँक स्टेटमेंट सगळं व्हॉट्सॲपवर पाठवतात, तेही माझ्या स्वतःच्या नंबरवर. सगळीकडे असंच चालतं असं सांगतात. मला योग्य वाटत नाही.
एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : तुला योग्य वाटत नाही हेच योग्य आहे. तुझ्या फोनच्या गॅलरीत, भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी, कुणा अनोळखी कामगाराचा पगार आणि आधार पडलेला असतो. फोन दुरुस्तीला दिलास की तोही गेला. क्लायंटची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर जाणं हे सीए कायदा, १९४९ प्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची काळजी न घेतल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुझ्या सरांना हे नम्रपणे सांग. आणि उपायही सोबत घेऊन जा : प्रत्येक क्लायंटसाठी ऑफिसच्या क्लाउडवर एक फोल्डर, त्याची लिंक फक्त त्या क्लायंटच्या ईमेलला. आधार लागलंच तर मास्क केलेलं मागायचं, ज्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. तोवर व्हॉट्सॲपवरची फाइल आपोआप गॅलरीत उतरण्याची सोय बंद कर आणि काम झालं की ती पुसून टाक.

प्रश्न : आम्ही एका सप्लायरला दोन वर्षं पैसे पाठवतोय. मागच्या आठवड्यात त्याच्या मेलवरून नवा खाते क्रमांक आला, बिलही हुबेहूब. अकाउंटंटने पैसे टाकले. सप्लायर म्हणतो, मेल माझा नव्हे. आता?
एक वाचक, हडपसर

उत्तर : हा अंक हातात पडेपर्यंत थांबायला लागू नये म्हणून तुम्हाला वेगळं कळवलं आहे, बाकीच्यांसाठी लिहिते. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि लगेच दुसरा आपल्या बँकेला. पैसे समोरच्या खात्यातून पुढे जाण्याआधी ते गोठवायचे असतात, तिथे तासच काय, मिनिटंही मोजावी लागतात. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मेल पुसू नका, कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, पुरावा तोच आहे. आपल्याच सिस्टिममध्ये कुणी शिरल्याचं दिसलं, तर कंपन्यांना २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं, तेही विसरू नका.

तुमचा किंवा सप्लायरचा, कुणाचा तरी मेल आधीच कुणीतरी वाचत होतं अशी शक्यता मोठी आहे, एरवी बिल हुबेहूब जमत नाही. दोघांनीही पासवर्ड बदला, आणि मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा एखादा नियम कुणी घालून ठेवला आहे का ते बघा. तो राहिला तर पासवर्ड बदलूनही पत्रं बाहेर जातच राहतात. सप्लायरशी मात्र भांडू नका, तोही तुमच्याइतकाच फसला आहे.

आणि अकाउंटंटवरही ओरडू नका. त्याला एक नियम लिहून द्या : खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला, की सप्लायरच्या जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करायचा, ओळखीचा आवाज ऐकायचा, शेवटचे चार आकडे त्याच्याकडून वदवून घ्यायचे, आणि मगच पैसे टाकायचे. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही.